लाल तोंडाची बोरिंग

आमच्या गावातल्या माणसांले मीटिंग म्हटलं की समोसाच दिसते. पाणी तपासणाऱ्या संस्थेची मिनल मॅडम नागपूरहून आली, शाळेत सगळ्यांले बोलावलं, तर गेले कोण? माणसं! आम्ही बाया पारशिवनीच्या रस्त्यावरच्या वावरात कापूस वेचून राहिलो होतो. मीटिंगपायी मजुरी कोण बुडवते?

संध्याकाळी परतलो तर शाळेमागच्या बोरिंगचं, त्या हातपंपाचं, तोंड लालभडक रंगवलेलं. नवऱ्याले विचारलं, काय सांगतलं गा मॅडमनं? "पाण्याचं काहीतरी होतं," म्हणे. मेला! समोशात मिरची जास्त होती, ते मात्र बरोबर ध्यानात.

आता दगडाले शेंदूर लागला की आमच्याकडे त्याचा देव होते, मग बोरिंगची देवी काहून नाही? शेजारच्या भागीरथा म्हातारीनं पहिलं नारळ फोडलं. मागून बांगड्या आल्या, हिरवं लुगडं आलं.

भागीरथाची सून दामिनी तवा बाळंतीण होती. अंगावर दूध नाही, म्हणून लेकराले डब्याचं दूध. अंगणात नळ असून म्हातारी रोज त्या बोरिंगचा हंडा आणे. "माह्या नातवाच्या पोटात देवीचंच पाणी जाईन!" अन् ते उकळून उकळून, त्यात डब्याची भुकटी कालवून पाजे. सफाईले मोठी पक्की.

लेकरू सावळं पडू लागलं. आधी नखं, मग ओठ. भागीरथा हरखली. "पाह्य वं, कान्हा आला माह्या घरी!" गल्लीत पेढे वाटले. दामिनी मात्र हळूच मले म्हणे, "काकू, हा रडूनच नाही राहिला. नुसता निजून राहते." कान्ह्यानं रडून घर डोक्यावर घ्यायले पाहिजे ना बाप्पा!

मिनल मॅडम पुन्हा आली, अन् बोरिंगवरचं लुगडं पाहून जागीच थिजली. "लाल म्हणजे हे पाणी प्यायचं नाही! खताचं विष उतरलंय यात. उकळलं तर आणखी वाढतं. तान्ह्या बाळाचं अंग निळं पडतं. कोणत्या बाळाला पाजता का हे?"

मी तिचा हात धरला अन् सरळ दामिनीच्या घरी नेलं.

लेकराचे ओठ पाहून मॅडमनं गाडी दारातच बोलावली. "नागपूरला औषध मिळेल, वाचेल. पण आता या पाण्याचा थेंबही नको."

भागीरथा चवताळली. "देवीच्या पाण्याले विख म्हणते! जीभ झडो तुही!" मग एकाएकी पाठ फिरवली. घरात गेली, पदर सावरत बाहेर आली, सुनेजवळ मागं बसली. मले वाटलं, समजलं म्हातारीले. मॅडम पुढं ड्रायव्हरजवळ बसली अन् गाडी निघाली.

मी दार ओढायले आत गेली. चुलीवरचं देवीचं पाणी अजून गरम होतं. दुधाचा डबा उघडा. लेकराची बाटली कुठंच नव्हती.

अवं माय! रस्त्यावर धावली, तर नुसता फुफाटा. दामिनीले फोन लावला, तो आत पाळण्यात वाजला. नवऱ्यावर ओरडली, मॅडमचा नंबर दे! मीटिंगमध्ये सांगतला होता म्हणे तिनं. तो डोकं खाजवत उभा राहिला.

अन् नागपूर लांब आहे. लेकराले वाटेत भूक लागणारच.