कोळशाचं अकरावं पाणी

"तीन पाणी घालायची, पोरी. चौथं नको. चौथ्यात तांदळाचा जीव जातो."

कौशल्याबाईंच्या आईचा हा आवाज पन्नास वर्षांपूर्वीचा, इंद्रायणीकाठच्या मोशीतला. आई गेली, चूल गेली, नदीचं ते पाणीही राहिलं नाही, पण हात अजून तिचंच ऐकत. तांदूळ असो, डाळ असो, पहिलं पाणी गढूळ, दुसरं पांढुरकं, तिसरं ओतलं की पातेलं गॅसवर. मन कुठंही असलं तरी हात आपले मोजत राहायचे.

गेल्या मंगळवारी त्याच हातांनी कोळसा धुतला होता. तीन पाणी.

हॉलमध्ये टीव्हीशेजारी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. कौशल्याबाईंच्या लेकानं, प्रज्वलनं, ती बायकोसाठी, स्वरूपासाठी आणली होती. स्वरूपा दापोलीकडची, समुद्राच्या आवाजात झोपणारी पोर. लग्न होऊन मोशीत आली आणि चाकणच्या गाड्यांच्या आवाजात तिला महिनाभर झोपच लागेना. तेव्हा प्रज्वल म्हणाला होता, "तुला तिकडं रोज न्यायला जमणार नाही. समुद्रच इकडं आणतो."

टाकीत दोन नारंगी मासे सोडले, अंगावर पांढरे पट्टे असलेले. त्यांना नावं दिली स्वरूपाच्या सासऱ्यांनी, दौलतरावांनी. जमीन गेली तेव्हा विकलेल्या बैलांची नावं, हरण्या आणि पवळ्या.

"ह्यांना मीठ लागतं, हवा लागती, वर कोळसाबी लागतो," दौलतराव टाकीपुढं खुर्ची ओढून म्हणायचे. "माझ्या बैलांनी पेंडीपलीकडं काय मागितलं न्हाई कधी."

"आबा, तुमच्या बैलांना पाण्यात राहून दाखवा म्हणावं," प्रज्वल म्हणायचा.

कोळसा म्हणजे ज्वारीएवढे काळे दाणे. प्रज्वल त्याला कार्बन म्हणे. जाळीच्या पिशवीत भरून महिन्याला फिल्टरमध्ये ठेवायचा, म्हणजे पाण्याचा पिवळेपणा जातो. पण त्या दाण्यांच्या अंगाला बारीक भुकटी चिकटलेली असते. ती टाकीत उतरली की माशांच्या कल्ल्यांत जाऊन बसते. म्हणून प्रज्वल मोरीत बसून, महाळुंग्याच्या कंपनीतून आल्यावर अंगावरच्या शर्टानिशी, तो कोळसा धूत बसायचा. कौशल्याबाई भाकरी थापता थापता नुसतं पाण्याचं खळखळणं ऐकायच्या. किती वेळा, ते त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

आठ महिन्यांपूर्वी चाकणच्या रस्त्यावर एका कंटेनरनं प्रज्वलला नेलं.

त्यानंतर टाकीला हात लागायचा तो स्वरूपाचाच. शिफ्टवरून यायची, सॅक ठेवायची आणि आधी काचेशी जाऊन उभी राहायची. कौशल्याबाई पुढं झाल्या की म्हणायची, "तुम्ही राहू द्या आई, मी करते." आवाज गोडच असायचा. पण त्या गोड आवाजानं कौशल्याबाई दारातच थांबायच्या. कपाट तिचं, गाडीची किल्ली तिची, फोनमधले फोटो तिचे. त्याच्या हातचं एक तरी काम आपल्या हाताला यावं, एवढंच त्यांना वाटे.

म्हणून मंगळवारी, स्वरूपा फर्स्ट शिफ्टला गेल्यावर, त्यांनी कोळशाचा डबा उघडला. पहिलं पाणी शाईसारखं. दुसरं करडं. तिसरं जरा फिकट, तांदळाच्या धुवणासारखं. हात थांबले. पिशवी त्यांनी फिल्टरमध्ये ठेवली.

घटकाभरात टाकीत धूर भरल्यासारखं झालं. मासे दिसेनात. कौशल्याबाईंनी चहाच्या गाळणीनं काळी साय काढली, पदरानं काच पुसली, आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत पाणी निवळलं. स्वरूपा आली तेव्हा सगळं होतं तसं दिसत होतं. सांगायचं होतं. "आज दमली असशील," एवढंच तोंडातून आलं.

गुरुवारी हरण्या तळाच्या वाळूवर आडवा पडला होता.

स्वरूपानं त्याला तळहातावर घेऊन कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. मग तिथंच गॅलरीत बसून राहिली. "रविवारी नवीन पाणी घातलं ना मी, त्यातच मीठ चुकलं," ती म्हणाली. "समुद्राकाठची मी. आणि मीठच चुकलं माझं."

"मासाच तो, पोरी," दौलतराव म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर तोंड फिरवून आत निघून गेले.

कौशल्याबाई काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, शुक्रवारी नाही, शनिवारी तर नाहीच. दर दिवशी ती गोष्ट जड होत गेली, ओल्या गोधडीसारखी. शनिवारी संध्याकाळी स्वरूपानं रहाटणीच्या मासेवाल्या किसनला फोन लावला. "दादा, एकटाच उरलाय, त्यालाही धाप लागलीय. घेऊन जा तुम्ही. माझ्या हाताला यश नाही." फोन ठेवून ती सासूला म्हणाली, "मग मीही जरा आईकडे जाऊन येते. किती दिवस ते ठरवलं नाही अजून."

किसन रविवारी बाराला येणार होता. तोवर पाण्यात नवा कार्बन ठेवा, असं त्यानं बजावलं होतं.

दहा वाजता स्वरूपा मोरीत बसली. पुढ्यात पातेलं, शेजारी पिण्याच्या फिल्टरच्या गोड पाण्याची घागर. "आई, पाणी ओता ना जरा. दोन्ही हात काळे आहेत माझे."

आठ महिन्यांत पहिल्यांदा तिनं टाकीच्या कामाला हाक मारली होती. कौशल्याबाई तांब्या घेऊन बसल्या.

पहिलं पाणी. शाई. दुसरं. तिसरं. कौशल्याबाईंचा तांब्या आपोआप खाली आला.

"ओता ना आई. अजून कुठं झालंय?"

चौथं. पाचवं. पाणी करडंच. जात्यावर बसायच्या तेव्हा ओव्या त्यांच्या ओठांवर अशाच यायच्या, एका घासाला एक. प्रज्वल गेल्यापासून एक फुटली नव्हती. आज घशात कुठूनशी आली:

*लेक माझा कामा गेला महाळुंग्याच्या कंपनीला*
*भाकरीची ऊब अजून फडक्याच्या गाठीला*

ओठ हलले, आवाज झाला नाही. सहावं. सातवं.

"ते अकरा वेळा धुवायचे," स्वरूपा दाणे चोळत म्हणाली. "मी हसायचे. म्हणायचे, अहो, कोळसाच राहणार नाही शिल्लक. तर म्हणायचे, मोजायचं नसतं गं, तळ दिसेपर्यंत धुवायचं." तिनं मनगटानं डोळे पुसले, गालाला काळं लागलं. "सगळं त्यांनी सांगितलं तसंच करत होते मी. मिठाचं तेवढं कसं चुकलं, कळत नाही. तीनदा मोजलं होतं."

आठवं. नववं. दहाव्या पाण्यात अजून एक बारीक काळी रेघ फिरत होती. हॉलमधून फिल्टरची बुडबुड ऐकू येत होती. टाकीत पवळ्या काचेच्या कोपऱ्याला तोंड लावून भराभर कल्ले हलवत होता.

कौशल्याबाईंनी अकरावं पाणी ओतलं. दाणे एका कडेला बसले. नितळ पाण्यातून पातेल्याचा तळ दिसला, त्याच्यावर प्रज्वलच्या बारशाला ठोकलेलं त्याचं नाव दिसलं, आणि नावावर वाकलेली दोघींची तोंडं.

"झालं," स्वरूपा म्हणाली आणि पिशवी उचलायला गेली.

कौशल्याबाईंनी तिचं काळं मनगट धरलं.

"मीठ चुकलं न्हाई तुझं, स्वरूपा. मंगळवारी तू कामावर गेलीस आन् मी हा कोळसा घातला. तांदळावानी धुतला, तीनच पाणी. सगळी टाकी काळी झाली व्हती. मी पुसून घेतली, तुला दिसू दिली न्हाई. त्याचं काम माझ्याबी हातून व्हावं वाटलं गं मला, एकदा तरी. हरण्याला मी मारलं."