एक स्टारवाला टीव्ही

जुना टीव्ही बंद पडला आणि आमच्या घरात एकदम तीन तज्ज्ञ जन्माला आले. नवऱ्याला सगळ्यात मोठा हवा होता, मुलीला सगळ्यात बारीक, आणि माझ्या धाकट्या दिरांचं, भाऊजींचं, एकच पालुपद: "वहिनी, काळा रंग काळाकुट्ट दिसला पाहिजे!"

माझं दुखणं वेगळं होतं. सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, हल्ली कमी ऐकू येतं. कानातलं मशीन आणलं होतं, पण त्यातून बोलण्यापेक्षा भांडीच जास्त ऐकू यायची, म्हणून ते कपाटात गेलं. विनोदी कार्यक्रम लागला की आम्ही हसायचो, मग बाबा आमच्या तोंडांकडे बघून हसायचे. जरा उशिरा. मला ते बघवायचं नाही. पुढे तर ते आतल्या खोलीतच बसायला लागले. "तुम्ही बघा, मला काही आवड राहिली नाही," म्हणायचे. अशी आवड जाते होय कुणाची!

मी मिक्सरच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेते. खूश असलेला माणूस "मस्त आहे" म्हणून मोकळा होतो. चिडलेला मात्र बारीकसारीक सगळं सांगतो, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून घरचे पाच स्टारवाले रिव्ह्यू वाचून हुरळत होते तेव्हा मी एक स्टारवाले उघडून बसले.

"वहिनी, घ्यायच्या आधीच खोट काढताय!" भाऊजींनी टोमणा मारलाच.

मी लक्ष दिलं नाही, आणि एका टीव्हीखाली मला घबाड सापडलं. कुणीतरी पोटतिडकीने लिहिलं होतं: "आवाज भिकार. माणसांचं बोलणं तेवढं ठणठणीत, बाकी कशालाच दम नाही. सिनेमात बॉम्ब फुटला, तर मला वाटलं दार वाजलं." खाली आणखी दोघांनी हेच रडगाणं गायलं होतं. मी तिघांनाही मनोमन हात जोडले. मग इतर मॉडेलांशी ताडून पाहिलं. बाकीच्यांचे स्पीकर खाली तोंड करून, याचे मात्र थेट समोर.

दुकानात बाबांना बळेच नेलं. भिंतभर टीव्हींवर तेच धबधबे, तेच पोपट. तिघे तज्ज्ञ आ वासून उभे.

"पोपट पुरे, बातम्या लावा," मी विक्रेत्याला म्हटलं. "आणि बाबा, तुम्ही टीव्हीकडे पाठ करा."

"अगं, लोक बघताहेत," नवरा कुजबुजला.

"बघू देत."

बाबा बिचारे फ्रिजच्या रांगेकडे तोंड करून उभे राहिले. आधी घरच्यांचा लाडका, भला थोरला टीव्ही लागला.

"काय म्हणतेय ती बातम्यांतली बाई, बाबा?"

"काहीतरी पुटपुटतेय."

मग माझा एक स्टारवाला लागला. आवाज तेवढाच. बाबांनी मान वर केली. "पूल दुरुस्तीला बंद आहे म्हणतेय," ते म्हणाले, आणि गर्रकन वळले. "अरे, म्हणजे जाताना दुसऱ्या रस्त्याने जायला हवं!"

"हाच द्या," मी म्हटलं.

"लहान आहे गं," नवरा.

"खुर्च्या पुढे सरकवा."

मला जग जिंकल्यासारखं वाटत होतं आणि ते मी अजिबात लपवलं नाही.

रविवारी दुपारी बाबा न बोलावता बाहेर आले आणि मधली खुर्ची पकडून बसले. विनोदी कार्यक्रम सुरू झाला. भाऊजी काळा रंग तपासत होते, नवरा रिमोटशी झटत होता, मुलगी मोबाइलमध्ये. अचानक बाबा खो खो हसायला लागले. एकटेच. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

भाऊजी दचकले, त्यांच्या तोंडाकडे बघून जरा उशिरा हसले, आणि म्हणाले, "काय म्हणाला हो तो, बाबा?"

बाबांनी हात वर केला. "थांब रे, पुढचं ऐकू दे."