बाबांनी तपासलेली व्हॅन

“बाबांनी तपासलंय सगळं. तू हात लावायचं काही कारण नाही,” भाऊ व्हॅनच्या दारात आडवा उभा राहून म्हणाला.

ती खांद्यावरची पिशवी न उतरवता तशीच उभी राहिली. तिला वहिनीने बोलावलं होतं, तेही नवऱ्याच्या नकळत. ती वहिनी आता मान खाली घालून भांडी बांधत होती, जणू आपला यात काही संबंधच नाही.

झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली ही जुनी व्हॅन भावाने महिन्यापूर्वी घेतली होती. तासाभरात भाऊ, वहिनी आणि बाबा पंधरा दिवसांच्या प्रवासाला निघणार होते. ‘तू येतेस का’ असं तिला कुणी तोंडदेखलंही विचारलं नव्हतं. बाबा चाळीस वर्षं गॅसफिटर होते. ती त्यांच्याच हाताखाली शिकली आणि तिचं काम त्यांच्यापेक्षा जोरात चालू लागलं तेव्हा त्यांनी बोलणं टाकलं. पोरीने माझी गिऱ्हाइकं पळवली, असं ते येईल-जाईल त्याला सांगत. भावाला ते सोयीचंच होतं.

शेगडीची नळी तेवढी बघते आणि जाते, असं म्हणत तिने त्याला खांद्याने बाजूला सारलं आणि ती आत शिरली.

बाबा बाकावर बसले होते. “आली का परीक्षा घ्यायला,” ते समोरच्या कपाटाकडे बघत म्हणाले.

तिने खिडक्या उघडल्या, शेगडीची बटणं बंद असल्याची खात्री केली, नळीला साबणाचं पाणी लावलं आणि सिलिंडर जेमतेम उघडला. फेस यायच्या आधीच वास आला. वहिनी नाकाला रुमाल लावून लांब झाली. भाऊ एक पाऊल मागे सरला.

“काय झालं?” बाबांनी विचारलं. “कसला गोंधळ आहे?”

तिने सिलिंडर बंद केला. जोडापाशी बुडबुडे अजून फुगत होते.

“बाबा, तुम्हाला वास येत नाहीये.”

भाऊ खवळला. म्हाताऱ्या माणसाचा पाणउतारा करायला आलीस का, तुला त्यांचं कधी बघवलंच नाही, असं बरंच काही बोलला. पण बोलताना त्याने नाक शर्टाच्या बाहीत दाबून धरलं होतं. बाबांनी ते पाहिलं. बाहेर उभ्या वहिनीकडे पाहिलं. मग एक खोल श्वास घेतला, आणखी एक घेतला, आणि थांबले.

“चालती हो,” ते तिला म्हणाले.

ती गेली नाही. तिने नवी नळी बसवली, पुन्हा फेस लावून पाहिला. गाडी चालू असताना आणि झोपताना सिलिंडर बंद ठेवायचा, हे दारातूनच वहिनीला सांगितलं. भावाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

निघताना तिचं लक्ष खाली गेलं. गळलेला गॅस तळाशी बसतो. तो बाहेर पडावा म्हणून व्हॅनच्या तळाला जाळी ठेवलेली असते. गार वारा लागतो म्हणून ती पुठ्ठ्याने बुजवली होती. पुठ्ठा अगदी मापात कापलेला, चारही कडांना चिकटपट्टी सरळ रेषेत बसवलेली. इतकं नेटकं काम त्या घरात एकाच माणसाचं होतं.

बाबांचे पाय नेमके त्यावरच होते.

ती गुडघ्यांवर बसली आणि नखाने चिकटपट्टीचा कोपरा उचकटू लागली. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही पाय वर उचलले आणि तिचं काम होईपर्यंत तसेच, थरथरत, अधांतरी धरून ठेवले.