वहिनींच्या बुटातले सोळा आकडे

बूटवाल्याच्या जिभेवर 'नाही' हा शब्द उगवलाच नव्हता. डासाने परवानगी मागितली असती, तर याने बाही वर केली असती. तेव्हा सकाळी कॉम्प्युटरने "अपडेट करू का?" असं विचारलं आणि याने "हो" दाबलं, यात नवल नाही. इतक्या अदबीनं त्याला विचारणारं घरात दुसरं होतं कोण?

अपडेट झालं, पडदा चकचकीत झाला, आणि तळ कापणाऱ्या यंत्राचा जुना प्रोग्राम उघडेना. "नवा घेऊ का?" याने त्यालाही हो म्हटलं.

पण हे बूट साधे नव्हते. लहानमोठ्या, वाकड्यातिकड्या पायांचे बूट करण्यात त्याची हयात गेली होती. आज काम होतं वहिनींचं. वहिनी पोस्टात. डावा पाय उजव्याहून दोन बोटं आखूड, तरी चौतीस वर्षं टपाल पायीच वाटलं. आज त्या निवृत्त होणार, दुपारी बाराला शेवटची फेरी, आणि कालच डाव्या बुटाच्या तळाचे दोन तुकडे झाले होते. लहानपणी याला बोट धरून चालायला शिकवलं ते याच वहिनींनी. आता त्यांना चालवायची पाळी याची होती.

नव्या प्रोग्रामने मापं वाचली आणि पडद्यावर लिहिलं, 'दोन पायांत फरक आढळला. चूक दुरुस्त केली.' यंत्राने दोन्ही तळ सारखे कापून दिले.

"चूक कसली, गाढवा? वहिनी आहे ती माझी!" बूटवाला ओरडला. पण ती दुरुस्ती बंद कुठे करायची, ते काही सापडेना.

बायको आतून आली. "अहो, जुनाच घाला ना परत. सीडीची तबकडी आहे की."

"कुठंय?"

"झाडावर."

पाखरं फळं खातात म्हणून तिने ती दोऱ्याने टांगली होती. पाखरं घाबरली तर नाहीतच. उलट तिच्यात बघून पिसं विंचरायची, म्हणून गावातली सगळ्यात टापटीप पाखरं याच झाडावर. बायको स्टुलावर चढली, तबकडी काढली, पदराने पुसली. नवा प्रोग्राम तिने काढून टाकला, कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर उपटली आणि तबकडी आत सरकवली. ती घरघरली, खोकली आणि चालली!

मग पडद्यावर आलं, 'परवान्याचे सोळा आकडे भरा.'

बारा वर्षांपूर्वी हाताशी कागद नव्हता, म्हणून समोर पडलेल्या चामड्यावर बूटवाल्याने ते आकडे लिहिले होते. ते चामडं म्हणजे वहिनींच्या डाव्या बुटाचं अस्तर. तुटका बूट दुरुस्तीला इथेच आलेला होता. त्याने आत डोकावलं. बारा वर्षं टाच घासून शाई पार उडालेली.

इतक्यात दारात काठी वाजली. वहिनी. एका पायात बूट, एका पायात मोजा, खांद्याला टपालाची पिशवी. घड्याळात साडेदहा.

"काय भाऊजी, तोंड असं का? मी अजून जिवंत आहे."

याने सगळं सांगितलं. सांगताना डोळ्यांत पाणी.

"हात्तिच्या! ते आकडे होय?" वहिनी स्टुलावर टेकल्या आणि घडाघडा म्हणायला लागल्या. बायको एकेक दाबत गेली. सोळावा दाबला आणि जुना प्रोग्राम उघडला.

"तुम्हाला पाठ कसे, वहिनी?"

"रोज बूट घालायच्या आधी वाचायची मी. पुसत चालले तेव्हा तर जास्तच. वाटायचं, भाऊजींनी माझ्यासाठी काहीतरी चांगलं लिहिलंय. म्हणूनच पाय इतका चालतोय." त्या हसल्या. "आणि चाललाच की!"

पडद्यावर दोन पाय उमटले, लहान तो लहान, मोठा तो मोठा. यंत्र कापत गेलं, बूटवाला शिवत गेला, बायको धागा ओवत राहिली. बाराला पाच मिनिटं कमी असताना नवा बूट पायात चढला. त्याआधी बूटवाल्याने आतल्या चामड्यात आरीने सोळाही आकडे कोरले होते, न पुसले जातील असे. स्वतःसाठी नव्हे. वहिनींसाठी.

"काठी राहिली वहिनी!"

"ठेवा तुमच्याकडेच."

त्या निघाल्या. चौतीस वर्षं ज्यांच्या पिढ्यांना त्यांच्यावर भुंकायची सवय, ते रस्त्यावरचे कुत्रेसुद्धा उठून बाजूला झाले म्हणे. बूटवाला दारात उभा राहून पिशवी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला.

आत वायर पुन्हा जोडल्याजोडल्या कॉम्प्युटरने विचारलं, "अपडेट करू का?"

बूटवाल्याने हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदाच 'नाही' दाबलं. तेसुद्धा, "राग मानू नकोस हं," असं म्हणून.