कालामाताच्या ऑलिव्हची तहान

मित्रांनो, माझ्या खोडावर गुडघाभर उंचीवर एक जाड वळ होता. त्याच्या खाली मी रानटी आणि वर कलमी. आमची जात नुसती फांदी खोचून सहजी रुजत नाही. म्हणून लाम्ब्रोस म्हाताऱ्याने डोंगरातल्या रानटी ऑलिव्हवर माझं कलम बांधलं, छातीवर क्रूस केला आणि म्हणाला, "आता दोघं गोडीने राहा रे बाबांनो." आम्ही राहिलो.

ग्रीसमधल्या कालामाता गावाच्या या उतारावर तेलाचे ऑलिव्ह पुष्कळ. हंगामात त्यांना काठ्यांनी झोडपतात. मला मात्र कधी काठी लागली नाही. माझी पानं रुंद, फळ बदामासारखं लांबट, टोकाशी किंचित वाकलेलं. पिकून काळंजांभळं झालं की ते हातानेच तोडायचं, कारण साल दुखावली तर मिठाच्या पाण्यात ते मऊ पडतं. लाम्ब्रोसची सून स्तामातिया एकेक फळ तोडी, सुरीने चीर पाडी, पाणी बदलत कडूपणा काढी आणि मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवी. कडक उपवासाला तेल वर्ज्य, पण फळ चालतं. नवरा वारल्यापासून तिचे बुधवार-शुक्रवारचे उपवास माझ्या फळांवर आणि पावावरच निभत. तिच्या ताटात पडायचं, याची मला धन्यता वाटे.

मग तिचा मुलगा आरिस शेती पाहू लागला.

"अगं आई, पाणी तर देतोच आहोत. दोन ओळींमधली जमीन रिकामी कशाला? टोमॅटो लावतो."

"तुझ्या आजोबांनी इथे कधी वांगंसुद्धा लावलं नाही."

"आजोबांकडे मोटार नव्हती. म्हणून मी काय गाढवावर हिंडू?"

ती हसली. टोमॅटो लागले, चांगले लागले.

त्यांच्यासोबत मातीत एक बुरशी आली. वरून ती कोणाला दिसणार? पुढच्या वसंतात माझी एक फांदी सुकली. पानं आत वळली, तपकिरी झाली, पण गळेनात. कोणालाही वाटावं, तहानेने जीव चालला आहे. स्तामातियालाही तेच वाटलं. सकाळची प्रार्थना झाली की ती बादल्या आणून माझ्या बुडाशी ओती आणि पुटपुटे, "पी बाळा, देवाचं नाव घेऊन पी."

शेजारीण फ्रोसो कुंपणावरून म्हणाली, "आरिसच्या बायकोला एवढं पाणी विचारलं असतंस, तर ती शहरात पळाली नसती!"

"तुझी जीभ सुकली ना, तर मी थेंबही घालणार नाही," स्तामातिया म्हणाली आणि पुन्हा विहिरीकडे वळली.

मला ओरडून सांगावंसं वाटे, बाई, थांब. ओल्या मातीत ती बुरशी माजत होती, माझ्या नसा बुजवत होती. पायाशी पाणीच पाणी आणि शेंड्याला थेंब नाही. दुसरी फांदी गेली. मग तिसरी.

अखेर शेतकी खात्यातल्या बाई आल्या. त्यांनी एक फांदी तिरकी कापून आतले काळपट डाग दाखवले. "आजी, हा वाचायचा नाही. टोमॅटोने रोग आणला, पाण्याने वाढवला. तेच पाणी आता खालच्या झाडांकडे उतरतंय. याला मुळासकट काढा आणि माती उन्हात तापवा. नाहीतर सगळी बाग जाईल."

"म्हणजे मी जे पाजत होते..." स्तामातियाने हातातली बादली खाली ठेवली.

"आई, रोग मी आणला," आरिस खाली बघत म्हणाला.

"तू आणलास. जेवू मी घातलं." तिने माझ्या खोडावर तळवा ठेवला. "काप. मी इथेच उभी राहते."

ती शेवटपर्यंत हलली नाही. माझं लाकूड चुलीलाही नेलं नाही, जागीच जाळलं. मुळं खणली, मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरलं. खोल गेलेलं एक मूळ तेवढं राहून गेलं. मी बोलतो आहे तो त्यातूनच.

उन्हाळा सरताना प्लास्टिकच्या कडेला त्या मुळाला कोंब फुटला. अरुंद पानांचा, रानटी. स्तामातिया गुडघ्यांवर बसली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला. "आलास?" तिने विचारलं. मग खालच्या हिरव्यागार झाडांकडे ती बराच वेळ पाहत राहिली. तिने क्रूस केला आणि कोंब उपटून काढला.

मित्रांनो, माझा तिच्यावर राग नाही. इतकी माया क्वचितच कोणा झाडाच्या वाट्याला येते. माझं मागणं एवढंच. तुमच्या जवळचं कोणी कोमेजू लागलं, झाड असो की माणूस, तर धावत जाऊन काही ओतण्याआधी त्याला झालंय काय, हे जाणत्याला विचारा. वेळेत विचारा.

माझ्यापुरतं म्हणाल, तर इथे अंधार आहे. आणि माती अखेर कोरडी आहे.