पळायची शीळ

आमच्या लोकांत पळण्याला कुणी भ्याडपणा म्हणत नसे. माझा नवरा तर त्यात वाकबगार होता. आमचं बेट जिंकायला आलेली इंग्रजांची पलटण दलदलीतल्या वाटेनं निघाली की हा झाडीतून बाहेर यायचा, बरची फेकायचा आणि पळत सुटायचा. चिडून मागे धावलेले शिपाई कमरेपर्यंत चिखलात रुतायचे, मग झाडीत दबलेले आमचे बाकीचे त्यांच्यावर तुटून पडायचे. पळायची शीळ हाच घालायचा, आणि नियम एकच. शीळ वाजायच्या आधी पळायचं नाही आणि वाजल्यावर थांबायचं नाही.

ही शीळ त्यानं दोन पोरांना शिकवली. एक आमचा ड्युआल्टाख, दुसरा फिआक्रा. फिआक्रा सरदाराचा मुलगा, पण सरदाराची पोरं दुसऱ्या घरी वाढवायच्या आमच्या रीतीप्रमाणे तान्हा असतानाच माझ्या मांडीवर आला आणि माझ्या दुधावर वाढला. सख्ख्या भावांत भांडणं होतात, या दूधभावांत कधी झाली नाहीत.

बाप गेल्यावर फिआक्रा सरदार झाला आणि स्पेनच्या लोकांकडून नवी लढाई शिकला. लांबलचक भाले घेऊन चौकोनात उभं राहायचं, ढोल वाजेल तसं हलायचं. या हिवाळ्यात आमच्या मदतीला आलेले तेच स्पेनवाले दक्षिणेच्या एका बंदरात इंग्रजांच्या वेढ्यात अडकले. त्यांना सोडवायला आमची फौज निघाली, आणि फौजेमागे रांधणाऱ्या बायकांबरोबर मीही.

लढाईच्या सकाळी मी फिआक्राला गाठलं.

"हे उघडं मैदान आहे रे. पळायचं म्हटलं तर झाडी कुठाय?"

"आता पळायचंच नाहीये, आई. जन्मभर काय बेडकासारखं चिखलात लपायचं?"

"बेडूक जगतो तरी."

शेजारी उभा असलेला ड्युआल्टाख हसला. "आई, तू इंग्रजांनाच चार टोमणे मार ना. तेच पळतील."

"तू गप्प बस. फिआक्रा, याला बरचीवाल्यांत राहू दे. एवढं एक ऐक माझं."

"माझा दूधभाऊ माझ्याशेजारी नाही, तर कुठे उभा राहणार? पहिल्या रांगेत, माझ्या उजव्या हाताला. तो मान त्याचाच."

प्रेमानं बोलत होता मेला. मी आपली टेकडीवरच्या चुलींकडे वळले.

टेकडीवरून सगळं दिसत होतं. आमचे बरचीवाले पुढे गेले, बरच्या फेकल्या आणि सवयीप्रमाणे मागे वळले. मागे दलदल नव्हती, आमचाच चौकोन होता. ते त्यात घुसले आणि त्यांच्या पाठोपाठ इंग्रजांचे घोडे. चौकोन फुटला. भाले टाकून जो तो वाट फुटेल तिकडे धावत सुटला.

एक जण तेवढा भाला धरून उभा राहिला. डाव्या पायावर भार टाकून उभं राहायची ड्युआल्टाखची लहानपणापासूनची खोड. मी "पळ रे, पळ" म्हणून घसा फुटेस्तोवर ओरडले, पण वारा माझा आवाज समुद्राकडे नेत होता. घोडे त्याच्यावरून गेले.

दुपारी फिआक्रा आला. अनवाणी, हात रिकामे. "आई" म्हणून माझ्यापुढे कोसळला.

"मागे फिरायचा ढोल का नाही वाजला?"

"ढोलवाला आधीच पळाला."

"मग शीळ?"

त्यानं मान खाली घातली. "मी पळालो. वाटलं, तो मागून येतोच आहे. शीळ... राहून गेली, आई."

राहून गेली! जशी चुलीवरची हंडी उतरवायची राहून जाते.

त्याचा गळा दाबावासा वाटला. पण पोर थंडीनं कुडकुडत होतं, आणि माझ्या हातांनी माझी घोंगडी काढून त्याच्या अंगावर घातली. त्या हातांची मला किळस आली.

"घाल आता," मी म्हटलं.

"काय?"

"शीळ."

"आई, नको ना."

"घाल म्हणते ना!"

रडत रडत त्यानं दोन बोटं तोंडात घातली. शीळ अगदी स्वच्छ निघाली, माझ्या नवऱ्याची असायची तशी. चुलीपाशी बसलेल्या बायकांनी माना वर केल्या. ती ऐकल्यावर जो कधी जागेवर थांबला नव्हता, तो खाली मैदानात पडूनच राहिला.