फुल बाह्यांचा शर्ट

गोल्फचा बॉल हवेत उजवीकडे वळला आणि खाजणातल्या चिखलात जाऊन रुतला. आधीचाही तिथेच गेला होता. जितेंद्रने स्टिक जमिनीला टेकवली. मागे वळून बघायची त्याला सोय नव्हती, कारण मागे बांधावर अण्णा बसले होते.

"कोपर धर ना नेहमीसारखं," अण्णा म्हणाले. "ताठ कशाला करतोयस? हाताचा नुसता बांबू झालाय."

जितेंद्रने तिसरा बॉल ठेवला.

मुर्ध्याचं हे मिठागर बंद पडलं तेव्हापासून बापलेकांचं मैदान झालं होतं. अण्णांनी, म्हणजे दत्तारामने, उभा जन्म मुंबईतल्या एका गोल्फ क्लबात गवत कापण्यात घालवला होता. साहेबलोकांचं बघून बघून ते खेळायला शिकले आणि त्यांचं बघून जितेंद्र. आता तो त्याच क्लबात कॅडी म्हणून साहेबांच्या बॅगा उचलायचा. सोमवारी क्लब बंद, म्हणून दोघं सकाळी जेसल पार्कहून रिक्षाने इथे यायचे. कॅडींच्या स्पर्धेचा कप दोनदा घरी आला होता. क्लबातले जुने माळी म्हणायचे, पोरगा म्हणजे दत्तारामचा झेरॉक्स आहे. अण्णा हे ज्याला त्याला सांगत फिरायचे.

झेरॉक्स होताच तो. अण्णांचं डावं कोपर तरुणपणी गवताच्या यंत्रात सापडलं होतं. गावच्या हाडवैद्याने बसवलं ते वाकडंच बसलं, पुन्हा कधी सरळ झालं नाही. पोराने बापाचा फटका उचलला तो त्या मोडक्या कोपरासकट. चालत होतं, कप येत होते, मग चूक दिसणार कोणाला?

दिसली ती क्लबातल्या नव्या कोचला, गुणवंत सरांना. जूनमध्ये प्रो व्हायची परीक्षा होती. पास झाला तर बॅगा सुटणार होत्या, क्लबातच शिकवायचं काम मिळणार होतं. सरांनी त्याचा एकच फटका बघितला.

"हाताला काय झालंय?"

"काही नाही सर."

"मग वाकतो कशाला? कुणी शिकवलं असं?"

"कुणी नाही सर," जितेंद्र हसून म्हणाला होता. "असंच, बघून बघून."

ते हसणं त्याला अजून खुपत होतं. बापाचं नाव घ्यायला जीभ का अडखळावी? आणि एवढं करून पदरात काय पडलं, तर हात सरळ करायला गेल्यापासून जुनंही गेलं आणि नवंही येईना. कालपरवा शिकायला लागलेले साहेब त्याच्यापेक्षा बरे मारत होते. बाकीचे कॅडी म्हणायचे, "जितू, बॅगच उचल रे बाबा."

तिसरा बॉलही खाजणात गेला.

"बघ, मी सांगत होतो," बांधावरून आवाज आला. "कोपर—"

"अण्णा, तुमचं कोपर मोडलंय म्हणून वाकतं," जितेंद्र फिरून म्हणाला. "माझं धडधाकट आहे. तुमच्यापायी इतकी वर्षं चुकीचं खेळत आलोय मी."

अण्णांनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. हाफ शर्टाच्या बाहीखाली तो नेहमीसारखाच वाकडा लोंबत होता.

"खरंच की," ते हळूच म्हणाले. "माझ्या ध्यानातच नाय आलं कधी."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. दोघं रिक्षाने घरी आले. जितेंद्रला आठवडाभर माफी मागायची होती, पण बापाची माफी मागायची रीत त्यांच्या घरात कुणाला ठाऊक नव्हती.

पुढच्या सोमवारी अण्णा त्याच्याआधी तयार होऊन दारात उभे होते. एप्रिलचा उकाडा, आणि अंगात जितेंद्रचा लग्नातला फुल शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला.

"हे काय?" त्याने आत जाऊन बायकोला विचारलं.

"कालच मागून घेतला माझ्याकडून," संपदा खालच्या आवाजात म्हणाली. "म्हणाले, माझं कोपर डोळ्यांसमोर आलं की पोराचा हात वाकतो. झाकलेलं बरं."

जितेंद्रला तिच्याकडे बघवेना.

मिठागरावर त्याने पहिला बॉल ठेवला आणि मुद्दाम, अगदी जुन्या सवयीने, कोपर वाकवलं. परीक्षा गेली खड्ड्यात, म्हाताऱ्याला तेवढं तरी द्यावं, असं त्याला वाटलं.

"सरळ," बांधावरून अण्णा म्हणाले.

"राहू द्या ना अण्णा."

"सरळ धर म्हणतोय ना. मी इकडून बघतोय, तू बॉलकडे बघ."

त्याने हात सरळ केला आणि मारला. फटका कसा बसला हे त्याला हातातच कळलं. बॉल नाकासमोर गेला, उंच, जसा अण्णांच्या हातून कधीच गेला नव्हता, आणि पार पलीकडच्या बांधाजवळ पडला. गेले कित्येक आठवडे तो ज्याची वाट बघत होता तो हाच फटका, आणि आता तो वाकडा गेला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटून गेलं.

"बसला," अण्णा म्हणाले. "आता हाच पकड."

बॉल आणायला ते उठले. "मी जातो," असं जितेंद्र म्हणेपर्यंत ते मिठागरात उतरलेही होते. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. उजवा हात हलवत ते चालले होते. डावा त्यांनी पुढे पोटाशी धरला होता, मागून दिसू नये असा.